चातुर्मासातला कर्जफेडीचा नेम

॥ श्रीगुरवे नमः ॥



आषाढी झाली, चातुर्मास लागला. दरवर्षीसारखी यंदाही आपल्या गटावर नेमांची यादी सुरू झाली आहे. कोणी वांगं सोडलं, कोणी कांदा-लसूण, कोणी रोज गुरुचरित्राचा एक अध्याय धरला. यंदा मात्र एक वेगळाच नेम पाच-सहा घरांतून आमच्याकडे विचारायला आला. इंदूरहून आला, वडोदऱ्याच्या मांजलपूरमधून आला, बेळगावच्या टिळकवाडीतून आला. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच. घराचं कर्ज मुदतीआधी फेडायचं असा नेम धरला तर तो चातुर्मासाचा नेम म्हणून चालेल का? की हा नुसता प्रपंच, याला देवासमोर आणू नये?

चालेल. खुशाल देवासमोर आणावा. फक्त तो कोणाच्या ताटातून धरायचा, एवढं आधी ठरवावं. या गुरुवारच्या चिंतनात मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या शास्त्राने माणसाला जन्मतःच कर्जदार मानलं आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. जन्माला आल्याबरोबर तीन खाती उघडलेलीच असतात. तेव्हा ऋण या शब्दाची लाज वाटण्याचं कारण नाही. लाज वाटायची ती ऋण विसरण्याची. महाराज नेहमी सांगतात की ज्याला दुकानदाराची उधारी आठवत नाही त्याला देवाचे उपकार तरी काय आठवणार. आणि बँकेचा हप्ता (आपली इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी किस्त म्हणतात) तर दर महिन्याला आठवण करून देतो, विसरायची सोयच नाही.

नाथ महाराजांची देवगिरीवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जनार्दनस्वामींनी त्यांना हिशेबाचं काम दिलं होतं. एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्यापाशी बसून शोधलं, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढं मन लागतं, तर ते देवाकडे लाव. कीर्तनात ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. नाथांनी ती पै सोडून दिली नव्हती. वही आधी जुळली, मग पुढचा उपदेश झाला. हिशेबात ढिला आणि भक्तीत पक्का असा माणूस आम्ही तरी अजून पाहिलेला नाही.

आता वहीच उघडू. आपल्यातल्या पुष्कळांना आपण हप्ता किती भरतो हे माहीत आहे. त्यातलं मुद्दल किती आणि व्याज किती हे विचारलं की घरात शांतता होते.

तिरुपतीच्या बालाजीची कथा हैदराबादच्या आणि बेळगावच्या मंडळींना वेगळी सांगायला नको. पद्मावतीशी लग्न करायला देवाने कुबेराकडून कर्ज काढलं, आणि भक्त हुंडीत टाकतात त्यातून आजही त्याचं व्याजच भरलं जातंय. मुद्दल कलियुगाच्या शेवटी. देवाची लीला देवाला शोभते. आपल्याला मात्र सुरुवातीची काही वर्षं अगदी तसंच होत असतं आणि पत्ताही नसतो.

समजा ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं मुदत, साडेआठ टक्के व्याज. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २१,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ४,७८५ रुपयांनी. पाच वर्षं इमानाने भरत राहिलात तर तोवर साडेपंधरा लाखांच्या वर भरून झालेले असतात, आणि कर्ज अजून २६ लाख ४४ हजारांच्या आसपास शिल्लक असतं. म्हणजे साडेतीन लाखच काय ते उतरले. वीस वर्षांत एकूण साडेबासष्ट लाखांच्या जवळ भरावे लागतात. यात बँकेची लबाडी काही नाही. शिल्लक रकमेवर व्याज लागतं, आणि सुरुवातीला शिल्लक मोठी असते, एवढंच.

म्हणूनच लवकर भरलेल्या पैशाला वजन जास्त. याच कर्जात पहिलं वर्ष संपताना एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत दीड वर्षाने कमी होते आणि व्याज सुमारे ३ लाख ७० हजार वाचतं. तेच एक लाख पंधरा वर्षांनी भरले तर वाचतात सुमारे ५० हजार. पैसा तोच, खातं तेच, फरक फक्त वेळेचा. मोठी रक्कम हाताशी नसली तरी पहिल्यापासून महिन्याला २ हजार जादा भरत गेलात तर २४० हप्त्यांऐवजी २०१ हप्त्यांत घर मोकळं होतं, आणि सहा लाखांच्या वर व्याज वाचतं. (दर पूर्ण काळ साडेआठच राहिला असं धरून, तो खालीवर होतो, पण गणिताचा कल हाच राहतो.)

आणि चातुर्मासाचंच बोलायचं तर चार महिने बाहेरचं खाणं, शनिवारची पावभाजी, सराफ्यातली रात्रीची फेरी, मोबाइलवरून मागवलेलं हे सगळं बंद करून महिन्याला तीन हजार बाजूला पडले, तर कार्तिकीला १२ हजार जमतात. कर्जाच्या पहिल्या वर्षाअखेरीस हे १२ हजार मुद्दलात टाकले की शेवटचे दोन हप्ते आणि तिसऱ्याचा थोडा भाग कायमचा पुसला जातो. ४७ हजारांच्या आसपास व्याज वाचलं. वांगं सोडण्याचं पुण्य किती ते आम्हाला मोजता येत नाही, याचं मोजता येतं.

इथवर ऐकून मन उसळी घेतं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो.

इंदूरच्याच एका घरातली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगायला त्यांनी नको म्हटलंय, गोष्ट सांगायला हरकत नाही म्हणाले. गुरुबंधू खाजगी नोकरीत, ताई घरी शिकवण्या घेतात, दोन मुलं, आणि गुरुबंधूंची आई. घर घेऊन तीन वर्षं झाली होती. गुरुबंधूंनी हे गणित कुठेतरी वाचलं आणि त्यांच्या अंगातच आलं. देवघराच्या बाजूला भिंतीवर तक्ता लावला. वीस वर्षांचं कर्ज नऊ वर्षांत संपवायचं. घरात प्रत्येक खर्चाला एकच उत्तर मिळायला लागलं, 'आत्ता नको, मुद्दलात टाकू.' मुलीची शाळेची सहल गेली. ताईंचा दात सहा महिने दुखत राहिला. तक्त्यावरचा आकडा मात्र झपाझप उतरत होता आणि गुरुबंधू तो सत्संगात कौतुकाने सांगत होते.

मग एके दिवशी ताईंच्या लक्षात आलं की सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी महिना संपला तरी संपत नाही. विचारलं तर म्हातारी आधी काही बोलेना. नंतर म्हणाली, मी अर्धी अर्धी घेते. पोराचं कर्ज लवकर फिटू दे, मला काय, अर्धीने भागतं.

कोणी तिला गोळ्या तोडायला सांगितलं नव्हतं. तक्ता तिनेही रोज वाचला होता, एवढंच.

ताईंनी हे महाराजांच्या कानावर घातलं. महाराज गुरुबंधूंवर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की या तक्त्यावर जेवढं उतरलं त्यात तुझं स्वतःचं काय सुटलं ते सांग. गुरुबंधू बराच वेळ बोलले नाहीत. त्यांची सिगारेट चालू होती. दर दोन वर्षांनी मोबाइल बदलत होता. मित्रांबरोबर दर शनिवारची छप्पन दुकानची चक्कर चालू होती. ते सगळं 'थोडंसं तर आहे' या खात्यात होतं. मुलीची सहल, बायकोचा दात आणि आईची अर्धी गोळी मात्र मुद्दलात जमा झाली होती.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम लिहितोय, कारण असे तक्ते आपल्या बऱ्याच घरांच्या भिंतींवर आहेत. काही मोबाइलमध्ये आहेत, म्हणून दिसत नाहीत इतकंच.

तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण किती वेळा ऐकलंय. घराण्याची सावकारी होती, दुष्काळाने लोक पिचले होते, तुकोबांनी लोकांकडून यायच्या कर्जाचे कागद नदीला दिले. पण परंपरेने सांगितलेली ती कथा नीट आठवा. कागदांचे आधी दोन वाटे झाले. धाकट्या भावाचा, कान्होबांचा वाटा त्यांनी भावाच्या हातात दिला. बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. एवढ्या मोठ्या वैराग्याच्या क्षणीसुद्धा भावाच्या अर्ध्या कागदांना हात लावला नाही. शिवाय बुडवलं ते लोकांकडून येणं होतं, स्वतःचं देणं नव्हतं. देणं बुडवून विरक्त होणारे पुष्कळ असतात, त्यांना तुकोबांचं नाव घ्यायचा अधिकार नाही.

आपल्या माळव्यात तर याचा मोठा दाखला आहे. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट बांधले, देवळं उभी केली, अन्नछत्रं चालवली. होळकरांच्या कारभारात दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, आणि बाईंचा हा दानधर्म खासगीतून चाले. रयतेच्या करातून पुण्य करायचं नाही, हा त्यातला भाव. हातात राज्य असून ज्यांनी ही रेघ सांभाळली, त्यांच्या गावात राहून आपल्याला घरातल्या घरात ही रेघ का दिसू नये? घराचा पैसा ही दौलत. त्यात आईची औषधं, मुलांची फी, बायकोचा डॉक्टर, कामवाल्या मावशींचा पगार, सगळ्यांचे वाटे आहेत. नेम करायचा तो आपल्या खासगीतून.

याच ओघात दागिन्यांचंही. 'सोनं नुसतं लॉकरमध्ये पडलंय, मोडून कर्जात टाकू का' असं दोघांनी विचारलं आहे. ज्यांचं आहे त्यांना विचारा. स्त्रीधन हे स्त्रीचं. धर्मशास्त्र तेच सांगतं आणि आपलं सर्वोच्च न्यायालयही तेच सांगतं. ताईंनी आपणहून, कोणी तोंड न फुगवता, काढून दिलं तर त्यांची मर्जी. 'हो म्हणाली' आणि 'हो म्हणावं लागलं' यातला फरक नवऱ्यांना कळत नाही असं आम्हाला वाटत नाही.

आता एक नाजूक गोष्ट, ती आमच्या सेवेबद्दलची. गुरुपौर्णिमेला एका गावचे गुरुबंधू अन्नदानासाठी ५१ हजार घेऊन आले होते. महाराजांनी सहज चौकशी केली तेव्हा कळलं की घराच्या कर्जावर वाढीव कर्ज उचललं, त्यातले हे पैसे. महाराजांनी पावती करू दिली नाही. पाकीट परत दिलं आणि सांगितलं की हे तसंच बँकेत भरून ये, पुढच्या वर्षी एक नारळ आण. ऋण काढून सण करू नये असं आपण म्हणतो, मग ऋण काढून सेवा तरी कशी चालेल? देवाचा वाटा जरूर काढा, अगदी दहा रुपयांचा का असेना. पण तो आपल्या कमाईतला असावा, बँकेच्या पैशातला नको. कर्ज संपेपर्यंत ज्यांनी वर्गणी थांबवली आहे त्यांच्याबद्दल कोणत्याही केंद्रावर एक अक्षर निघता कामा नये, असं सर्व सेवेकऱ्यांना कळवलेलं आहे.

नेम धरणाऱ्यांसाठी आता व्यवहाराचं थोडं. बँकेतून निवृत्त झालेल्या आपल्याच काही गुरुबंधूंकडून हे तपासून घेतलं आहे.

घराच्या कर्जाआधी क्रेडिट कार्डाची थकबाकी पाहा. तिथे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढतं. ते तसंच ठेवून साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे छप्पर गळत असताना अंगण सारवणं. मग हातउसने, वैयक्तिक कर्ज, सोनेतारण. घराचं कर्ज सगळ्यांत स्वस्त असतं, त्याचा नंबर शेवटचा. त्याच्याही आधी निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते हाताशी राहतील एवढी पुंजी वेगळी ठेवा. मुद्दलात टाकलेला पैसा अडीअडचणीला बँकेकडून परत मागता येत नाही. काही बँकांत कर्जखात्यालाच बचतखात्यासारखी सोय असते, जादा पैसे ठेवता येतात आणि लागले तर काढता येतात. आपल्याकडे ती आहे का, विचारून घ्या. कमावत्या माणसाचा मुदत विमा आणि घरच्यांचा आरोग्य विमा बंद करून तर कधीच फेडू नका. उद्या काही झालं तर तेच कर्ज विधवेच्या दारात उभं राहतं.

वैयक्तिक नावावरच्या, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना तसं बजावलं आहे. दर ठरीव असेल तर करारपत्र वाचा. पैसे भरताना लेखी द्या की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाही सांगितलं तर काही ठिकाणी हप्ताच कमी करून देतात. त्याने महिना हलका होतो पण व्याज फारसं वाचत नाही. ज्यांची ओढाताण चालू आहे त्यांनी मात्र हप्ता कमी करून घेण्यात काही कमीपणा मानू नये.

२०२२च्या मे महिन्यापासून २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा कित्येकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. आपली मुदत आज किती आहे ते एकदा विचाराच. दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम भरून टाकायची, हे निवडू द्यायला हवं, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे. आणि कर्ज पुरतं फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई आहे. हे १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद आणायला जोडीने जा.

'कर्ज फेडलं तर कराची सवलत जाईल' असंही काही जण म्हणतात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाहीच. पण जुन्यातसुद्धा बँकेला शंभर रुपये देऊन कराचे फार तर तीस-एकतीस वाचतात. उरलेले सत्तर कोणाचे? एसआयपी करावी की कर्ज फेडावं, यावर मात्र आम्ही निवाडा देणार नाही. ज्याला कर्जाने रात्री झोप लागत नाही त्याने फेडावं. ज्याला लागते आणि बाजार पडला तरी लागते, त्याने आपलं आपण ठरवावं.

त्या इंदूरच्या घरात आता तक्ता भिंतीवर नाही. वहीत आहे, आणि वही ताईंकडे असते. नऊ वर्षांचं आता तेरा वर्षांवर गेलं आहे. आजींची गोळी पूर्ण, डॉक्टरांना दाखवून झालं. गुरुबंधूंनी आषाढीला सिगारेट आणि शनिवारची चक्कर सोडली. जो पैसा वाचेल तेवढाच जादा भरायचा, एक रुपया जास्त नाही, असा संकल्प त्यांनी केला. पहिल्या पंधरवड्यात १,१४० रुपये जमले. आजींनी त्यावर हळदीकुंकू वाहिलं, म्हणाल्या, हा पैसा बघायला बरा वाटतो.

ज्यांना हा नेम धरायचा आहे त्यांनी येत्या गुरुवारी आरतीनंतर आपापल्या केंद्रावर थांबावं. येताना कर्जखात्याचा ताजा उतारा आणि एक कोरी वही आणावी, आणि घरातल्या सगळ्यांना आणावं, म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनासुद्धा. कोणाचं काय सुटणार ते ज्याचं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, दुसऱ्याच्या वतीने सांगायचं नाही. बँकेचे जाणकार सेवेकरी दोन तास बसणार आहेत. उतारा दुसऱ्या कोणाला दाखवायची सक्ती नाही. प्रसादाला यंदा साबुदाणा खिचडी आहे, ती कोणाच्या नेमाच्या आड येणार नाही.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥